राहिलेली टाळी

रविवारच्या सायकल फेरीत सगळ्यात मागे कोण राहणार, हा प्रश्न कधी निघालाच नाही. पुढे ग्रंथपालबाई आणि मागे घड्याळकाका, हे ठरलेलं. मधल्या पंचवीस-तीस जणांनी हवं तसं रमतगमत यावं, गप्पा माराव्यात, बागेतल्या बदकांना नावं ठेवावीत; फक्त बाईंच्या पुढे जायचं नाही आणि काकांच्या मागे पडायचं नाही. फेरी फुकट, त्यामुळे तिच्यात सगळ्या तऱ्हेची माणसं येत. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेली, रविवारी घरी पाहुणे येतात म्हणून सटकलेली, आणि एक निवृत्त गुरुजी, जे केवळ शेवटी तळ्याकाठच्या बाकावर टेकायला मिळतं म्हणून येत. वेग असा, की एकदा पळायला निघालेला एक माणूस अख्ख्या फेरीला मागे टाकून गेला आणि वर हसूनही गेला. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

एवढी माणसं शहराच्या गल्ल्यांतून आणि बागांतून नेताना हरवू नयेत म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. वळण आलं की त्यांच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे उतरायचं आणि रस्ता दाखवत उभं राहायचं. त्याला सगळे 'खांब' म्हणत. खांबाने एका हाताने दिशा दाखवायची आणि काका दिसले की दुसऱ्या हाताचा पंजा पुढे करायचा. काका चालत्या सायकलवरून त्या पंजावर टाळी देत आणि "सुटलात" म्हणत. मग खांब मोकळा. टाळी मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी. एका कंपाउंडरने एकदा कंटाळून आधीच पळ काढला होता, तर मागचे चार जण भलत्याच रस्त्याला लागून भाजीबाजारात घुसले. तेव्हापासून नियम आणखी कडक झाला.

काकांना या टाळीचा भारी अभिमान. सहा दिवस दुकानात मान खाली घालून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि सातव्या दिवशी तीस माणसांची जबाबदारी पाठीवर घ्यायची. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडून बसला होता. रविवारी काकांची वाट पाहणारी माणसं जगात होती ती एवढीच, आणि तीही कुठल्या ना कुठल्या वळणावर.

आता खरं सांगायचं तर काकांना मागे ठेवणं हाच मोठा घोटाळा होता, आणि तो काकांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. दहा आठवड्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं होतं. आत बारीक दिवे लुकलुकत, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. काकांचा जन्म टिकटिक ऐकण्यात गेलेला. दोन मिनिटांत त्यांनी दिव्यांची लय पकडली आणि दिवा दिसो न दिसो, ठेक्यावर बटण दाबत राहिले. आपण पास झालो अशी त्यांची समजूत. पण यंत्र काकांपेक्षा बेरकी निघालं. "काका, चोरी पकडली," डॉक्टर हसून म्हणाले आणि तपासणी पुन्हा केली. या वेळी निघालेल्या कागदावर मधे एक पांढरा गोल होता आणि भोवती काळंच काळं.

"कडा गेल्यात," डॉक्टर आता हसत नव्हते. "डावीकडच्या जास्त. मधलं शाबूत आहे, म्हणून तर तुम्हाला पत्ता लागला नाही. थेंब घातलेत तर आहे ते टिकेल, गेलेलं मात्र परत यायचं नाही. सायकल आजपासून बंद."

"बरं," काका म्हणाले आणि सायकलवर बसून घरी आले.

ते काही मूर्ख नव्हते, घाबरले होते. भिंग डोळ्याला लावलं की केसाएवढी स्प्रिंग त्यांना अजून लख्ख दिसत होती, आणि ज्याला ती दिसते त्याला आंधळा कोण म्हणेल, असं ते स्वतःला समजावत. डाव्या कोपराने स्क्रूची बशी आठवड्यातून दोनदा खाली जाई, तिला ते धांदल म्हणत. फेरीत तर माझ्या मागे कुणीच नसतं, सगळे पुढे असतात आणि पुढचं मला दिसतं, असाही एक हिशेब त्यांनी मांडला होता. डावीकडे फक्त खांब असतो, त्याच्यासाठी प्रत्येक वळणावर मान पुरती वळवायची की झालं. दहा रविवार हे निभावलं. निभावलं म्हणजे बरोबर होतं असं नव्हे, पण माणूस सोयीचं तेच धरून बसतो.

अकराव्या रविवारी बागेच्या फाटकाशी त्यांची सून उभी होती. कागदोपत्री ती आता त्यांची कुणी नव्हती. मुलाने दुसरा संसार मांडला तेव्हा दोन्हीकडची माणसं बैठकीला बसली होती, सगळे तावातावाने बोलले, आणि काका हातातल्या घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले होते. मुलगा चुकला हे त्यांना दिसत होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. तरीही सून बरेच दिवस लेकीला त्यांच्याकडे आणत राहिली, मग हळूहळू येणं थांबलं. चौदा महिने झाले होते. आज मात्र ती सायकलसकट आली होती आणि मागच्या सीटवर तिची सहा वर्षांची लेक, भिंगरी, बसली होती.

"बाबा, हिने हट्टच धरला," सून म्हणाली. "आजोबांची फेरी, आजोबांची फेरी, नुसतं डोकं उठवलं."

"मग आणायचंच की," काका म्हणाले. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी आपल्या सायकलच्या दांडीवर रुमाल गुंडाळला, भिंगरीला उचलून बसवलं आणि फेरी सुरू व्हायच्या आधी कारंज्याभोवती एक चक्कर मारली. ती घंटी वाजवत सुटली होती, थांबतच नव्हती. डोळ्यांची गोष्ट काकांच्या डोक्यातून साफ गेली. इतका आनंद त्यांना फार दिवसांत झाला नव्हता.

फेरी निघाली. सून आणि भिंगरी पुढे बाईंच्या जवळ गेल्या, काका रीतसर मागे. पहिल्या वळणावर गुरुजी खांब होते, टाळी झाली. दुसऱ्या वळणावर कंपाउंडर, टाळी झाली. मग बागेतल्या रोपवाटिकेचं वळण आलं. तिथे झाडांना पाणी घालणारा टँकर घरघरत उभा होता, त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. एरवी काकांनी मान वळवलीच असती. पण त्या क्षणी ते पुढच्या घोळक्यात सुनेचा पिवळा सदरा शोधत होते. मायलेकी दमल्या तर नसतील, पोरगी नीट बसली असेल ना, म्हणून त्यांची नजर पुढेच खिळली होती. पिवळं काही दिसेना तसे ते पायडल जरा जोराने मारू लागले. या वळणावर बाईंनी आज खांब ठेवला नाही वाटतं, एवढं एकदा मनात येऊन गेलं.

तळ्याकाठी बाईंनी डोकी मोजली. निघताना बत्तीस होते, आता तीस भरले.

"मागे कुणी नाही ना, काका?"

"कुणी नाही. शेवटचा मीच," काका ठामपणे म्हणाले. त्यांच्या शब्दावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. मग त्यांनी स्वतः घोळक्यावरून नजर फिरवली. पिवळा सदरा कुठेच नव्हता.

बाईंनी सुनेला फोन लावला, जरा बाजूला जाऊन ऐकलं, आणि सायकल उलटी वळवली. अर्ध्या तासाने त्या परत आल्या त्या एकट्याच.

"काका, रोपवाटिकेच्या वळणावर त्या दोघी खांब होत्या," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही टाळी न देता गेलात?"

काकांनी वाकून उगाचच पायडल फिरवून पाहिलं.

"पोरगी हात पसरून उभी होती. तुम्ही हातभर अंतरावरून गेलात म्हणे, समोर बघत. आईने निघू म्हटलं तर हलायला तयार नाही. 'आजोबांनी टाळी दिली नाही अजून' एवढंच म्हणत होती. मी गेले तेव्हाही तिथेच उभी. आता घरी गेल्या. घरातलं काही असेल तर मी विचारणार नाही. पण लहान मुलीशी असं..."

हीच वेळ होती. 'मला डावीकडचं दिसत नाही' हे सांगायला श्वासभर वेळ लागला असता. काकांनी तो श्वास घेतलासुद्धा. मग त्यांना समोर तीस सायकली दिसल्या, बाकावर पाय ताणून बसलेले गुरुजी दिसले, आणि पुढच्या रविवारी दुकानातल्या खुर्चीत एकटे बसलेले आपण दिसलो.

"सून फोनवर बोलत होती," काका म्हणाले. "मला वाटलं, बोलणं झालं की येतील मागून."

त्यांनी वेळ मारून नेली. बाई चांगल्या मनाच्या, त्यांनी लगोलग सुनेला कळवून टाकलं, की काकांचा काही राग नाही, तू फोनवर होतीस म्हणून ते थांबले नाहीत, गैरसमज करून घेऊ नकोस. संध्याकाळी काकांच्या फोनवर सुनेचा निरोप आला.

'बाबा, माझा फोन पिशवीत होता. म्हणजे तुम्ही आम्हाला पाहिलंत.'

काकांनी तो निरोप चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. सायकल वाचवायला मारलेली थाप त्यांच्याच गळ्याशी आली होती. पाहिलं नाही म्हणावं तर सायकल जाते, आणि पाहिलं म्हणावं तर नात. त्यांनी फोन केला, तो उचलला गेला नाही. सोमवारी केला, मंगळवारी केला. मंगळवारी बाईंचाच फोन आला, "या रविवारी नदीकाठचा रस्ता घेऊ या, वळणं जास्त आहेत, मागे तुम्हीच आहात म्हणून बरं." काका "हो" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्या त्या 'हो'ची त्यांना शिसारी आली. त्या दिवशी एका घड्याळात त्यांनी मिनिटकाटा उलटा बसवला. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा घडलं.

बुधवारी दुपारी सुनेच्या फोनवरून एक आवाजी निरोप आला. तिने पाठवला नव्हता हे ऐकताक्षणीच कळत होतं. भिंगरी तोंड फोनला चिकटवून कुजबुजत होती.

"आजोबा, माझा हात सरळ नव्हता का? आई म्हणते सरळ होता. पण मग तुम्ही टाळी का नाही दिली? मी आता घरी करून बघतेय. आता सरळ येतो."

काकांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि तो निरोप तीनदा ऐकला. सुनेने आपल्याला दुष्ट समजावं, हे एक वेळ त्यांनी गिळलं असतं. ती मनाने मोठी बाई होती, रागावून का होईना जगली असती. पण पोरगी दोष स्वतःच्या हातात शोधत होती. काका खुर्चीत बसून रडले. मग तोंड धुतलं.

गुरुवारी दुपारी ते सुनेच्या कामाच्या जागी गेले. दातांच्या दवाखान्यामागे तिची खोली होती, तिथे ती लोकांच्या कवळ्या बनवी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. ती एक दात घासून बसता करत होती. काकांना पाहून तिने यंत्र बंद केलं, पण बसा म्हणाली नाही.

"आता काय राहिलंय, बाबा?"

"मला तुम्ही दिसला नाहीत त्या दिवशी," काका म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. दहा आठवडे झाले डॉक्टरांनी सांगून. फोनचं मी खोटं बोललो."

तिने तोंडावरची पट्टी खाली ओढली. "हे आता सुचलं?"

"खरं आहे ते."

"तुम्ही केसाएवढ्या स्प्रिंगा बसवता, बाबा. सगळ्या गावाला माहीत आहे. दोन महिन्यांपूर्वी भाजीच्या दुकानाबाहेर असेच शेजारून निघून गेलात. भिंगरीने हाक मारायला तोंड उघडलं तर मीच गप्प केलं तिला. म्हटलं, नसेल बोलायचं त्यांना. तरी मी रविवारी आले." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "बैठकीत तुम्ही गप्प बसलात तेव्हा मी मनाची समजूत घातली, की माणूस भित्रा आहे पण वाईट नाही. आता ही डोळ्यांची गोष्ट मी का मानू?"

भाजीच्या दुकानाचं काकांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते आठवून पाहिलं, आठवण्यासारखं काही नव्हतंच.

"मानू नकोस," ते म्हणाले. "बघ तपासून."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "समोर त्या फळीकडे बघा. तो मधला जबडा. मान हलवायची नाही. मी मागून हात पुढे आणते. दिसला की सांगा."

काकांनी मधल्या जबड्यावर नजर ठेवली. त्याच्या खालच्या चिठ्ठीवरचं बारीक अक्षर त्यांना नीट वाचता येत होतं. यंत्रापुढे ठेका धरला होता तसं आज करायचं नाही, दिसेल तेव्हाच बोलायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. खोलीत शांतता होती. बाहेर दवाखान्यात कुणीतरी चूळ भरत होतं. वेळ जात राहिला, तसं काकांना वाटलं की हिला ही तपासणीसुद्धा फुकटची वाटते आहे.

"आण ना हात," ते म्हणाले. "मी बघतोय."

उत्तर नाही.

"आणलास का?"

तिची बोटं त्यांच्या गालाला लागली, आणि ते दचकून मागे सरले. तेव्हा त्यांनी मान वळवली. तिचा हात त्यांच्या चेहऱ्याजवळ वितीच्या अंतरावर होता. तो बराच वेळ तिथे असावा. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता, पण काकांना हवी होती ती सुटकाही तिथे नव्हती.

"इथे कसे आलात?" तिने विचारलं.

"सायकलवर."

"आणि रविवारी सकाळी कारंज्याभोवती हिला दांडीवर बसवून फिरवलंत, तेव्हाही एवढंच दिसत होतं?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. सकाळच्या उजेडात जरा बरं दिसतं, असं काहीतरी. "हो," ते म्हणाले.

सून स्टुलावर बसली. प्लास्टरने माखलेले हात तिने मांडीवर ठेवले.

"तुम्ही आम्हाला मुद्दाम टाळलं असतंत तर बरं झालं असतं, बाबा," ती म्हणाली. "तो अपमान झाला असता. अपमान मी धुऊन काढला असता. पण माझी पोरगी तुमच्या हातात होती आणि तुम्हाला माहीत होतं."

दहा आठवडे काका स्वतःच्याच भीतीत इतके गुंतले होते, की दांडीवर कोण बसलंय हा विचार त्यांना शिवलाही नव्हता. लाज वाटली, आणि ती कुठे लपवावी ते कळेना.

"कुलपाची किल्ली द्या," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मग तिच्यासमोरच ग्रंथपालबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, फोनच्या थापेसकट. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "काका, तीस माणसं होती तुमच्या भरवशावर," आणि त्यांनी फोन ठेवला. काकांनी तो खिशात टाकला.

"भिंगरीला काय सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"मी काही सांगणार नाही. शनिवारी या आणि तुम्हीच सांगा, तिचा हात सरळ होता म्हणून. आणि का दिसला नाही तेही सांगा. तिला समजेल असं." सुनेने दिवा मालवला, पर्स उचलली. "बसने या. सायकलवर दिसलात तर दार उघडणार नाही."

ती त्यांना बसच्या थांब्यापर्यंत सोडायला निघाली. दवाखान्याच्या दारात सायकल उभी होती, तिच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. रस्ता गजबजलेला होता. इतकी वर्षं काका या रस्त्याने सायकलवर गेले होते, पायी पहिल्यांदाच चालत होते, आणि डावीकडून माणसं एकदम कुठूनशी अंगावर येत होती. एकाच्या खांद्याचा धक्का बसला, मग एका पिशवीचा. ते जागच्या जागी थबकले. तेव्हा सुनेने डाव्या बाजूला येऊन त्यांचा कोपर पकडला. तिची पकड इतकी घट्ट होती की बोटं रुतत होती. काकांनी दुखतंय असं म्हटलं नाही.